खेमिनचं नाव कोण घेणार?

"मॅडम, दोघींपैकी एक पोट्टी परत घेऊन जा. कोणती न्यायची ते तुम्हीच ठरवा. माह्यानं ठरवणं होत नाही."

फोनवर भोयर साहेब होते. रायपूरच्या भनपुरी भागातल्या एका मोठ्या औषधांच्या गोदामाचे मॅनेजर. मी तेव्हा गुढियारीच्या आमच्या सेंटरवर नव्या बॅचला इंटरव्ह्यूमध्ये कसं बसायचं ते शिकवत होते. पाठ ताठ, नजर समोर, ओढणीशी चाळा करायचा नाही. फोन ऐकता ऐकता मीच ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले. पहिल्या बाकावरच्या मुलीने ते बरोबर हेरलं आणि शेजारणीला कोपरखळी मारली.

"काहून साहेब, काय झालं?" मी विचारलं.

"या तुम्ही. फोनवर सांगायसारखं नाही."

फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणजे जायलाच हवं. मी मुलींना एकमेकींचे इंटरव्ह्यू घ्यायला बसवलं आणि स्कूटीची किल्ली उचलली.

माझं काम प्लेसमेंट ऑफिसरचं. ज्यांच्या घरात आजवर कुणी महिन्याच्या पगाराची नोकरी केली नाही, अशा पोरापोरींना काही महिन्यांचं ट्रेनिंग मिळतं. ते संपलं की त्यांना कामाला लावायची जबाबदारी माझी. लोकांना वाटतं, नोकरी लागली की माझं काम संपलं. खरं तर तिथूनच ते सुरू होतं. मुलगी नोकरीत निदान तीन महिने टिकली तरच ती प्लेसमेंट धरतात. याला आमच्याकडे रिटेन्शन म्हणतात. टिकवण्यासाठी मी काय काय करते ते ऐकलं तर हसाल. मी सासवांची समजूत घातली आहे. सुपरवायझरच्या लग्नाला जाऊन आहेर केला आहे. एका पोराला पहाटे उठता येत नाही म्हणून त्याच्या शेजारच्या चहावाल्याला त्याचं दार वाजवायला सांगितलं आहे. माझे वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले. मीही इथलीच. बोलायला फटकळ आहे, भांडायला पुढे असते, आणि माझ्या मुलींच्या बाबतीत तर विचारूच नका.

भोयर साहेब ज्यांच्याबद्दल बोलत होते त्या दुलारी आणि खेमिन. दोघी गुढियारीच्या एकाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात राहणाऱ्या. दोघींचे वडील मालधक्क्यावर हमाल. बारावी झाल्यावर घरी बसलेल्या. दुलारीचा आवाज खणखणीत. वर्गात शेवटच्या बाकावरून बोलली तरी फळ्यापर्यंत पोहोचायचा. खेमिन कमी बोलणारी, पण पायांना चाकं लावल्यासारखी चपळ.

त्यांना नोकरीवर पाठवायला घरून परवानगी मिळवणं हे नोकरी मिळवण्यापेक्षा अवघड गेलं. दुलारीच्या आईच्या अंगणात मी किती वेळा जाऊन बसले असेन, त्याची मोजदाद नाही. भनपुरी म्हणजे सगळा ट्रकांचा, कारखान्यांचा भाग. तिथे पोरीला एकटी पाठवायला ती तयार नव्हती. शेवटी तिने एक अट घातली. "दूनो संगे जाहीं, दूनो संगे आहीं." दोघी बरोबर जातील, दोघी बरोबर येतील. खेमिनच्या वडिलांनीही तीच अट धरली. एकीची ड्युटी बदलली तर दुसरीनेही घरी बसायचं. मी हो म्हटलं. गोदामात दोघींना एकाच शिफ्टला लावलं, महिनाभराची ट्रायल ठरली, आणि दोघी शेअर ऑटोत एकमेकींना चिकटून कामाला जायला लागल्या.

म्हणजे भोयर साहेबांनी एक मुलगी परत घेऊन जा म्हणणं याचा अर्थ दोन्ही मुली परत येणं. ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती, मला पक्की माहीत होती. भनपुरीच्या रस्त्याला लागले तेव्हा माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

गोदामाचं काम कसं चालतं ते आधी सांगते, नाही तर पुढची भानगड कळणार नाही. ऑर्डर आली की रॅकवरून औषधांचे खोके काढून आणणारा असतो, त्याला पिकर म्हणतात. प्रत्येक पिकरची रॅकची एक लाइन ठरलेली. खेमिन पिकर. खोके जिथून गाडीत चढतात त्या फाटकांना डॉक म्हणतात. गाडी लागली की डिस्पॅच डेस्कवरून माइकवर पुकारा होतो. कोणत्या पिकरने कोणत्या डॉकवर माल आणायचा ते नाव घेऊन सांगायचं. "संतोष, डॉक दोन. रमेश, डॉक पाच." हा माइक दुलारीकडे होता. तिचा आवाज ऐकून भोयर साहेबांनी तिला पहिल्याच आठवड्यात तिथे बसवलं होतं. ट्रकवाले म्हणायचे, रेल्वे स्टेशनवर उभं असल्यासारखं वाटतं.

मी पोहोचले तेव्हा साहेब केबिनमध्ये कपाळ चोळत बसले होते. भोयर साहेब नागपूरचे. रायपूरला येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. माणूस सरळ, पण नियमाला चिकटून. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि दार लोटून घेतलं.

"या दोघींचं भांडण झालं आहे," ते म्हणाले. "भल्लं मोठं."

मी म्हटलं, शक्यच नाही. त्यावर त्यांनी पुरावेच मांडले. ट्रायलच्या सुरुवातीला दुलारी माइकवर खेमिनचं नाव बिनधास्त घ्यायची. मग राखीच्या दुसऱ्या दिवशी दोघींनी घरी काम आहे म्हणून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. त्या दिवसानंतर दुलारीने माइकवर खेमिनचं नाव एकदाही घेतलं नाही. बाकी सगळ्यांना पुकारते. खेमिनची पाळी आली की माइक बंद करते, खुर्चीवरून उठते, रॅकांच्या मधून पळत जाते आणि तिच्याजवळ जाऊन हाताने डॉकचा नंबर दाखवते. तेवढ्यात इकडे डेस्कवर गाड्या खोळंबतात. कांकेरच्या दवाखान्याचा माल त्यापायी उशिरा निघाला होता. इंदूरच्या हेड ऑफिसने भोयर साहेबांना त्याबद्दल विचारलंही होतं.

"त्या सुट्टीच्या दिवशी दोघीत काही तरी झालं," साहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोण्या पोट्ट्यावरून असन. माह्या अंदाजानं."

अख्ख्या गोदामाचा तोच अंदाज होता. गाडीत माल चढवणाऱ्या लोडर मंडळींनी तर पोट्टा कोण यावर चर्चा करून दोन-तीन नावंही पक्की केली होती. त्यातला एक बिचारा ड्रायव्हर तर महिनाभर सुट्टीवर गावी गेलेला होता.

मी साहेबांना विचारलं, तुम्ही मुलींशी बोललात का. बोलले होते. दुलारीला त्यांनी विचारलं होतं, भांडण का झालं. ती म्हणाली, भांडण नाही झालं सर. खेमिनला विचारलं, तीही तेच म्हणाली आणि वरून हसली. साहेबांना तो हसण्याचा प्रकार फार संशयास्पद वाटला.

"मले अजून एक गोष्ट समजली नाही," ते म्हणाले. "मी दुलारीले म्हटलं, दोघींपैकी एकीलेच ठेवीन. तर म्हणते, तिले ठेवा, मले काढा. मंग खेमिनले बोलावलं. ते म्हणते, दुलारीले ठेवा सर, मी जातो घरी. आता सांगा. एवढं वैर, की एका छताखाली राहायचं नाही म्हणतात."

खरं सांगते, त्या क्षणी मलाही ते पटलं. मुली नोकरी सोडायला तयार आहेत म्हणजे प्रकरण गंभीरच असणार. माझा पारा चढायला लागला. दुलारीच्या आईच्या अंगणात मी काय म्हणून इतके दिवस बसले होते? मनातल्या मनात मी दोघींना झापायचं भाषण तयार केलं. त्यात संस्थेचं नाव, आईबापांचे कष्ट, मागून येणाऱ्या मुलींचा विचार, सगळं होतं. भाषण चांगलं झालं होतं.

साहेब म्हणाले, जेवणाची सुट्टी व्हायचीच आहे, तेव्हा बोला. मी कँटीनच्या दाराशी जाऊन उभी राहिले. कँटीन म्हणजे पत्र्याची शेड, दोन लांब बाकं आणि पाण्याची टाकी. भोंगा झाला, मंडळी आली. भाषण ओठांवर घेऊन मी तयार होते.

दुलारी आली. तिच्या मागून खेमिन आली. खेमिनने डबा उघडला, त्यातला भात आणि भाजी झाकणात काढून दुलारीपुढे सरकवली. दुलारीने आपल्या डब्यातली टमाट्याची चटणी तिच्या भातावर ओतली. न विचारता, सगळीच्या सगळी. मग दोघी एकमेकींना खेटून जेवायला लागल्या. माझं भाषण तिथेच अडकलं. भांडलेल्या बायका मी आयुष्यात पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांपैकी एकीनेही दुसरीला स्वतःची चटणी दिलेली नाही.

मी जवळ जाऊन उभी राहिले. दुलारीने तोंडात घास असतानाच मला नमस्कार केला, आणि खेमिनकडे वळून म्हणाली, "भोजली, मैडम बर पानी लान." भोजली, मॅडमसाठी पाणी आण.

मी कपाळावर हात मारून घेतला. मग मला हसू फुटलं. इतकं, की आणलेलं पाणी मला पिता येईना.

जे छत्तीसगढचे नाहीत त्यांना सांगते. श्रावणात इथल्या बायका-मुली टोपलीत गहू पेरतात आणि अंधाऱ्या जागी ठेवतात. त्याला पिवळे कोंब फुटतात. ही भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत तळ्यावर जातात, भोजली पाण्यात सोडतात आणि थोडे कोंब मागे ठेवतात. ज्या मैत्रिणीशी जन्माचं नातं जोडायचं तिच्या कानावर ते कोंब खोवायचे. तिनेही आपल्या कानावर खोवायचे. त्या घडीपासून दोघी एकमेकींच्या भोजली. एकीच्या घरचं लग्न ते दुसरीचं, एकीचं दुःख ते दुसरीचं. आणि त्या घडीपासून एकमेकींचं नाव कधी घ्यायचं नाही. नाव घेणं म्हणजे नात्याला कमी लेखणं.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आईने शेजारच्या काकींशी असंच गंगाजलाचं नातं बांधलं होतं. दोघी आयुष्यभर एकमेकींना 'गंगाजल' म्हणत आल्या. त्या काकींचं खरं नाव मी त्यांच्या नातवाच्या लग्नपत्रिकेत पहिल्यांदा वाचलं. घरात एवढा नमुना असून मी पोट्ट्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवून बसले होते.

"काय गं, सरांना सांगितलं का नाही?" मी हिंदीत विचारलं. मुली माझ्याशी हिंदीतच बोलतात.

दुलारी म्हणाली की सरांनी हे विचारलंच नाही. सर विचारत होते, भांडण का झालं. भांडण झालंच नाही तर कारण काय सांगायचं. खेमिन म्हणाली, तिला हसू आलं होतं, कारण सर फार गंभीरपणे विचारत होते.

"आणि नोकरी सोडायला का निघालात?"

 दुलारीने डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. मग छत्तीसगढीत म्हणाली, "हमन भोजली के नाव नइ लेवन, मैडम. पर ओकर नौकरी मोर सेती जाही त मैं का मुँह देखाहूँ?" आम्ही भोजलीचं नाव घेत नाही. पण माझ्यापायी तिची नोकरी गेली तर मी तोंड काय दाखवू.

खेमिन लगेच म्हणाली, "तोर सेती काबर? मोर सेती नइ जाही का?" तुझ्यापायीच का, तुझी नोकरी माझ्यापायी नाही का जाणार. आणि कोणाची नोकरी जायला हवी यावर दोघींचं जे सुरू झालं, ते मात्र खरंखुरं भांडण होतं. मला फार बरं वाटलं. मी दोघींच्या डोक्यावर एकेक टपली मारली आणि केबिनकडे निघाले.

साहेबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं दिसलं, कारण भांडण मिटवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण मॅनेजर तो मॅनेजरच.

"मले समजते हो मॅडम," ते म्हणाले. "पण हेड ऑफिसले मी काय लिहू? गाडी उशिरा काहून गेली, तर पोट्टीनं मैत्रिणीचं नाव घेतलं नाही?"

मी म्हटलं, दुसरा काही मार्ग काढू. त्यांनी पहिला मार्ग सुचवला तो शिफ्ट बदलण्याचा. मी दुलारीच्या आईची अट सांगितली. शिफ्ट बदलली की दोघी घरी. दुसरा मार्ग, कामाची अदलाबदल. खेमिनला माइक द्यायचा. हे बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की मग खेमिन दुलारीचं नाव घेणार नाही. तिसरा मार्ग त्यांना फारच आवडला. ते म्हणाले, सोपं आहे, गोदामात खेमिनचं नावच 'भोजली' करून टाकू. दुलारी खुशाल पुकारेल.

मलाही हे चांगलं वाटलं. आम्ही मुलींना बोलावून घेतलं आणि मोठ्या उत्साहाने सांगितलं. दोघींचे चेहरे उतरले. दुलारीने मान खाली घालून हळूच सांगितलं की माइकवर भोजली म्हटलं तर उद्यापासून लोडर, ड्रायव्हर, सिक्युरिटी गार्ड सगळे तिला भोजली म्हणतील. मग भोजली माझी एकटीची राहिली कुठे?

हाही मार्ग गेला. मुलींना बाहेर पाठवलं.

"नखरे आहेत हे," साहेब म्हणाले. "नाव घेतल्यानं काय होते? कामाच्या जागी काम."

इथे माझा फटकळपणा कामी आला. मी विचारलं, "साहेब, वहिनी तुम्हाले घरी काय म्हणते?"

"मले? अहो म्हणते."

"कधी नाव घेतलं?"

"लग्नात. उखाण्यात." ते थोडे लाजले. "नंतर एकदा बँकेत सायबानं विचारलं, मिस्टरांचं नाव काय. तर पर्समधून माह्यं कार्ड काढून त्याले देलं."

"मंग त्या बँकेवाल्यानं तुमचं खातं बंद केलं काय?"

साहेब हसले नाहीत.  नुसता पेपरवेट फिरवत राहिले. बाहेर दुलारीचा आवाज येत होता, संतोष, डॉक दोन. रमेश, डॉक पाच. मग मध्येच शांतता आणि पळणाऱ्या चपलांचा आवाज.

"माणसाचं नाव नको, नंबर देऊ," ते म्हणाले. पण लगेच स्वतःच मान हलवली. आधीच्या मॅनेजरने नंबर देऊन पाहिले होते. पिकर मंडळींनी, आम्ही काय कैदी आहोत का, म्हणून काम बंद पाडलं होतं. शेवटी वैतागून ते म्हणाले, "नाव नको, नंबर नको. मंग काय आता रॅकाईले नद्यांची नावं देऊ अन् पुकारत बसू, चला महानदी, या शिवनाथ?"

ते टोमणा मारत होते. मी खुर्चीतून उठलेच.

"साहेब, द्या ना."

"काय द्या?"

"नदीचं नाव. माणसाले नाही, रॅकच्या लाइनले. महानदीच्या लाइनवर जो उभा असन तो माल आणन. खेमिन असो, नाही तर दुसरं कोणी असो."

साहेबांनी पेपरवेट खाली ठेवला. मग ते एकदम वेगाने बोलायला लागले. पिकर गैरहजर असला तर माइकवर त्याचं नाव पुकारलं जायचं आणि त्याच्या जागी कोण आलं आहे ते शोधण्यात वेळ जायचा, हे त्यांच्या डोक्यात किती दिवसांपासून होतं. लाइन पुकारली तर तो घोळच संपणार. कंप्युटरवर नाव पिकरचंच राहील, फक्त माइकवर लाइन. हेड ऑफिसलाही हरकत असायचं कारण नाही. बोलता बोलता ते उभे राहिले आणि काचेतून रॅकांकडे असे बघायला लागले, जसं आम्ही पहिल्यांदाच पगार झालेल्या पोरीकडे बघतो.

ही कल्पना त्यांचीच होती असं त्यांनी पुढे हेड ऑफिसला कळवलं. ते खोटंही नव्हतं. मी फक्त टोमण्याला हो म्हटलं होतं.

नद्यांची नावं ठरवण्याच्या दिवशी मी मुद्दाम गेले. तसा तमाशा मी सोडणार नव्हते. तोवर दोघींच्या भोजलीची गोष्ट अख्ख्या गोदामाला कळली होती. महानदी कोणाला मिळावी यावर पिकर मंडळींत जुंपली. प्रत्येकाला महानदीच हवी होती, लहानशी पैरी कोणालाच नको. बस्तरचा एक ड्रायव्हर रॅकवर काम करत नसतानाही मध्ये पडला. इंद्रावती घेतली नाही तर मी जगदलपूरची फेरी करणार नाही, असं तो म्हणाला. इंद्रावती घेतली. खेमिनच्या लाइनला खारून आली, आमच्या रायपूरची नदी. सगळं झाल्यावर भोयर साहेबांनी विचारलं की डिस्पॅच डेस्कला वैनगंगा म्हटलं तर चालेल का, ती आमच्याकडची. सगळ्यांनी टाळ्या वाजवून मान्य केलं. साहेबांचे डोळे थोडे ओले झाले. मी ते पाहिलं, पण बोलले नाही. एवढा फटकळपणा मी करत नाही.

दुसऱ्या दिवशी माइकवर पहिला पुकारा झाला, "खारून, डॉक तीन." खेमिन ट्रॉली घेऊन अशी सुटली की वाटेतला सुपरवायझर बाजूला झाला. दुलारी खुर्चीतून उठली नाही. गाड्या वेळेवर निघाल्या.

गोष्ट इथे संपली असती. पण ट्रायल संपली त्या दिवशी इंदूरहून एक मोठे साहेब आले. पक्क्या झालेल्या मुलामुलींना नेमणुकीची पत्रं द्यायला. मलाही बोलावणं होतं. शेडमध्ये सगळी शिफ्ट जमली. गाड्या थांबलेल्या म्हणून ड्रायव्हरही येऊन उभे. मोठ्या साहेबांनी रोजच्या पुकाऱ्याचं कौतुक केलं आणि हिंदीत म्हणाले, ज्या मुलीचा हा आवाज आहे तिनेच नावं वाचावीत, पत्रं मी देतो.

भोयर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. पत्रांवर नद्या नव्हत्या. पत्रांवर नावं होती, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

दुलारीने माइक घेतला. संतोष आला, पत्र घेऊन गेला. रमेश आला. एक-दोन मुली आल्या. दुलारीचा आवाज छान लागला होता. मग तिने पुढचं पत्र उचललं, वाचलं, आणि थांबली. माइक सुरू होता.  खेमिन तिसऱ्या रांगेत उभी होती. तिने मान खाली घातली होती आणि हसू दाबायला ओढणी तोंडावर धरली होती. मोठे साहेब तिच्याकडून पत्र घ्यायला हात पुढे करून वाट बघत राहिले. भोयर साहेब अर्धे उठले. मला वाटलं, आता मीच ओरडते.

दुलारीने काय केलं असेल? तिने पत्र डोक्यावर उंच धरलं, सगळ्यांना दिसेल असं. आणि माइक रांगेकडे फिरवला.

मागून बस्तरच्या ड्रायव्हरने पहिला आवाज दिला. पाठोपाठ लोडर, पिकर, कँटीनच्या बाई, दारावरचा गार्ड, सगळे एकदमच म्हणाले, "खेमिन!" पत्र्याचं छत दणाणलं. ते एकदा म्हणून थांबले नाहीत, दुसऱ्यांदाही म्हणाले. खेमिन धावत आली, पत्र घेतलं, आणि पत्र हातात असतानाच दुलारीला मिठी मारली. माइक दोघींच्या मध्ये अडकला आणि जोरात किंचाळला. मी रडत होते, हसत होते, आणि शेजारी भोयर साहेब चष्मा पुसत होते.

मोठ्या साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी भोयर साहेबांना विचारलं, माइक बंद पडला होता का. भोयर साहेबांनी उत्तर दिलं, नाही सर, ते नाव आमच्या इथे सगळे मिळून घेतात.

तीन महिने उलटले, माझं रिटेन्शनही झालं. दुलारीच्या आईने आता अंगणात आणखी दोन पोरी माझ्यासाठी बसवून ठेवल्या आहेत. मुली कामावर पाठवण्याआधी मी हल्ली एक प्रश्न जास्तीचा विचारते. असं कोणी आहे का, ज्याचं नाव तू घेत नाहीस? सगळ्या लाजून खाली बघतात. त्यांना वाटतं, मी नवऱ्याचं विचारते आहे.